नावाड्याचा प्रश्न

३ ऑगस्ट, रविवार

माफी मागतो. मागची नोंद मार्चमधली आहे आणि तीही अर्धवट — ‘आज कूलर’ एवढंच. कूलरचं पुढे काय झालं ते आठवत नाही. चालू तर आहे, म्हणजे झालं असावं काहीतरी.

पुन्हा लिहायला बसायचं कारण तिप्पण्णा. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर असायचा. आता छापखाना चालवतो आणि दर वर्षी हट्टाने दिवाळी अंक काढतो. सकाळी फोन. “काय मालक! एक लेख पायजे. काँप्युटर गेमवर. आपल्यात त्याच्यावर कोण लिवतच न्हाई की.” म्हटलं, मी टॉवेल तपासतो, लेखक नाही. तर म्हणाला, “एफवायपास्नं तू दुसरं केलास काय ते सांग की!”

हो म्हणून टाकलं.

विषय मीच सुचवला : संगणकावरचे भूमिकेचे खेळ दिवसेंदिवस का बिघडत चालले आहेत. भूमिकेचे म्हणजे ज्यात आपण एक माणूस होतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, काय करायचं ते ठरवतो आणि मग ते भोगतो. माझं मत तयारच होतं. वीस वर्षं तयार आहे. जेवताना सांगितलं तर प्रतिक्षा — यंदा अकरावीत गेली — ताटातून वर न बघता म्हणाली, “पप्पा, तुम्ही नवीन किती खेळलाय?”

फारसे नाही. हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर सोयीस्कर विसरेन.

बायको, संघप्रिया, म्हणाली, “वही सापडली वाटतं. मला वाटलं रद्दीत गेली.”

५ ऑगस्ट

लेख सुरू. पहिलं वाक्य : ‘पूर्वीचे खेळ अवघड होते.’ खोडलं. पूर्वीचं सगळंच अवघड होतं, त्यात खेळांचं काय कौतुक!

६ ऑगस्ट

आज तपासणीच्या टेबलावर माल कमी होता. डोक्यात लेख चालू ठेवला.

नव्या खेळात नकाशावर बाण असतो. बाण म्हणतो इकडे जा, आपण जातो. कुणाला रस्ता विचारावा लागत नाही, म्हणून कुणाशी बोलावं लागत नाही. बोललोच तर उत्तराचे तीन पर्याय मिळतात आणि तिन्हींचा अर्थ ‘हो’. एक गोड हो, एक चिडका हो, एक विनोदी हो. आपण बळकट झालो की शत्रूही तेवढेच बळकट होतात, म्हणजे बळकट होऊन उपयोग नाही. चूक करताच येत नाही. आणि चूक करता येत नसेल तर बरोबर वागण्याला अर्थ काय?

शेवटचं वाक्य बरं आलं. इतकं बरं आलं की संशय येतो. चाळिशीनंतर पूर्वीचं सगळंच चांगलं वाटायला लागतं. आमचे मुकादम म्हणतात पूर्वीचं सूतसुद्धा चांगलं होतं. पण पूर्वीचं सूत मी पाहिलंय. नव्हतं चांगलं.

९ ऑगस्ट, शनिवार

शाकीरकडे गेलो. लेखात तो येणारच. त्याच्याशिवाय मी त्यातला एकही खेळ खेळलेलो नाही.

भवानी पेठेत त्याच्या मामूंचं सायबर कॅफे होतं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा कोपऱ्यातलं मशीन आमचं. स्क्रीनसमोर शाकीर, कारण इंग्रजी त्याला यायचं. लहानपणी कुवेतच्या शाळेत होता. मी मराठी शाळेतला. मी मागे स्टुलावर, गुडघ्यावर ग्राफ पेपर. माझं काम नकाशा काढायचा. खेळातलं कुणी काही बोललं की शाकीर ते वाचून आपल्या भाषेत सांगायचा, ज्याचा त्याचा आवाज काढून. मग दोघांनी ठरवायचं आणि एकदा ठरलं की बदलायचं नाही. मागे साठवलेली जागा उघडून तिथून पुन्हा खेळायचं नाही. हा नियम माझा. “रत्न्या, तू खेल में भी पंचनामा करता रे,” म्हणायचा.

कॅफे केव्हाच बंद झालं. त्याच खोलीत शाकीर आता रिक्षावरच्या, हातगाडीवरच्या भोंग्यांचं रेकॉर्डिंग करतो. साड्यांचा सेल, सर्कस, डोळ्यांचं शिबिर, कांदे. मराठीत, दख्खनीत, गरज पडली तर तेलुगूत. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना आतून चादरी ठोकल्यात. सोलापुरात त्याचा आवाज न ऐकलेला माणूस नसेल. चेहरा मात्र कुणाला माहीत नाही.

आज आवाज बसलेला होता. म्हटलं, सर्दी? तो काही बोलायच्या आत माजिदाभाभी आतून म्हणाल्या, “सर्दी कसली भाऊ! घशात आवाजाच्या पडद्यावर गाठ निघालीय. ऑपरेशन सांगितलंय. आणि हे कुणालाच बोलले नाहीत. दिवसभर जगाला ओरडून सांगतात, स्वतःचं तेवढं राहतं.”

साधी गाठ आहे, भलती नाही. तपासून झालंय. पण डॉक्टर म्हणाले, काढल्यावर आवाज कसा येईल याची हमी नाही. घरात बोलण्यापुरता येईल. भोंग्यापुरता येईल का, ते तेव्हाच कळेल.

शाकीर म्हणाला, “पेठेत पोरगं हरवलं की माझ्या आवाजात सापडतंय रे. दुसऱ्याचा आवाज लावला तर पोरगं आणखी रडंल.” मग खोकला.

विषय बदलावा म्हणून लेखाचं सांगितलं. खूश झाला. “आपल्या गेममधला नावाडी घाल त्याच्यात. नावाडी घातला नाहीस तर बघ!”

घालणारच होतो.

१० ऑगस्ट, रविवार

न्याय म्हणून दुपारभर प्रतिक्षाचा नवा खेळ खेळलो. चित्रं सुंदर आहेत, नाकारत नाही. गवत वाऱ्यावर हलतं. डबक्यात ढग दिसतात. एका गावात शिरलो तर कुंपणाशी एक म्हातारा उभा, डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह तरंगतंय. म्हणजे त्याचं काम अडलंय. नाटकातल्या राजासारख्या भरदार आवाजात तो म्हणाला, लांडग्यांची पाच कातडी आण. कशाला, ते म्हणाला नाही. आणली. म्हणाला, “तू गावाला वाचवलंस!” कशापासून, तेही म्हणाला नाही. उद्गारचिन्ह गेलं आणि म्हातारा पुन्हा कुंपणाकडे बघू लागला.

नंतर खेळाने कळवलं की रोज आलात तर रोज बक्षीस मिळेल. आमच्या कारखान्यातही हजेरीवर असंच काहीतरी आहे.

प्रतिक्षा म्हणाली, “पप्पा, तुम्ही तेव्हाचा सगळ्यात भारी गेम घेताय आणि आताच्या टुकार गेमला लावताय. आता पण चांगले निघतात की. तुम्ही शोधत नाही.” हे खरं असावं. वहीत लिहून लेखात न लिहिणं बरोबर नाही, लेखातही घालतो. मग म्हणाली, “बरं, तुम्ही नेहमी सांगता त्या नावाड्याचं ते वाक्य दाखवा. एक वाक्य दाखवा, मी मान्य करते.”

दाखवतो म्हटलं.

१३ ऑगस्ट

नावाड्याचा भाग लिहिला. खरं तर तोच लेख. बाकी सगळं त्याच्याभोवती गुंडाळलेला कागद.

खेळाचं नाव ‘ड्राउन्ड बेल्स’, म्हणजे बुडालेल्या घंटा. नदीत बुडालेलं एक राज्य आहे. पाणी उतरलं की देवळांचे कळस वर येतात. काठावर एक नावाडी. तो पैसे मागत नाही. विचारतो, “पलीकडं तुझं कोण आहे?” कुणी नाही म्हटलं तर म्हणतो, “मग घाई कसली? बस. भाकर खा. ज्याची कुणी वाट बघत नाही त्यानं नदी तरी बघून घ्यावी.”

आम्हाला घाई होती आणि पलीकडे कुणी नव्हतं. एक आख्खी दुपार वाद घातला. शेवटी खोटं सांगितलं — बहीण आहे म्हणून. त्याने काही न विचारता सोडलं. पुढे पुष्कळ दिवसांनी त्याच घाटावर परत आलो, तर नाव नव्हती. नावाडीही नव्हता. शाकीरने स्क्रीनकडे बघत हळूच सांगितलं : “तुझ्या बहिणीला आणायला गेला. परत आला नाही.”

मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. आई म्हणाली, परीक्षेचं टेन्शन घेऊ नको.

पुण्याची नोकरी आली तेव्हाही हाच प्रश्न डोक्यात होता. पलीकडं तुझं कोण आहे? गेलो नाही. संघप्रियाला वाटतं आईच्या तब्येतीमुळे राहिलो. तेही होतं. पण फक्त तेच नव्हतं.

लेखात लिहिलं : ‘आजच्या एका तरी खेळात असा प्रश्न दाखवा.’ अवतरण मात्र अचूक पाहिजे. मूळ इंग्रजी शब्द काय होते? सीडी कपाटावरच्या डब्यात असेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आलो. सीडी सापडली, पण आताच्या मशीनला सीडी घालायला जागाच नसते! प्रतिक्षाने कुठून कुठून खटपट करून दुपारपर्यंत खेळ चालू करून दिला. सगळा चौकोनी ठिपक्यांचा, एवढासा. म्हटलं, चित्रांवर जाऊ नको, बोलणं वाच.

जुने ग्राफ पेपर समोर ठेवले. वाट एकदाही चुकली नाही. घाट आला. नावाडी आला. तिने मोठ्याने वाचलं. मराठीत एवढंच :

“पलीकडे जायला दोन नाणी.”

खाली तीन पर्याय. नाणी दे. हल्ला कर. निघून जा.

म्हटलं, पुढे चल. नाणी दिली. पलीकडे पोचलो.

“पप्पा, झालं?”

मागची जागा उघडायला लावली. माझा नियम मोडून. या वेळी नाणी न देता निघून गेलो आणि परत आलो, दुसऱ्या भेटीत बोलतो का बघायला. दोन नाणी. खेळातली संध्याकाळ करून आलो. दोन नाणी. शेवटी हल्लाही करून पाहिला. तो मेला. मरताना काही बोलला नाही.

प्रतिक्षा उठली. चहा ठेवते म्हणाली. तिने जिंकल्यासारखं केलं असतं तर बरं झालं असतं.

१६ ऑगस्ट

मी विचारलं नसताना प्रतिक्षाने सांगितलं, नाव गायब होते ते खरं आहे. जुन्या खेळाडूंच्या कुठल्याशा पानावर तिला सापडलं. तो खेळातला दोष आहे. घाटावर परत आलं की कधी कधी नावेचं आणि नावाड्याचं चित्र उमटतच नाही. दुरुस्ती नंतर निघाली होती. आमच्या सीडीत ती नसणार.

लेखात हा प्रसंग ‘निर्णयाचे परिणाम’ या मथळ्याखाली आहे.

दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालातले दोष काढतो. सुटलेला धागा, तेलाचा डाग, कडेची शिवण. हा दोष वीस वर्षं माझ्याकडे होता आणि मी तो लोकांना अभिमानाने दाखवत होतो.

१७ ऑगस्ट, रविवार

आज नळाला पाणी यायचा दिवस. टाक्या, पिंप, बादल्या भरून झाल्यावर पुन्हा खेळाला बसलो, एकटाच.

घंटा वाजवणाऱ्याची विधवा, जी नवऱ्याचा दोर विकायला काढते आणि ऐन वेळी हातातून सोडत नाही — ती आहे. म्हणते, “दोर विक्रीला आहे.” झालं. तो म्हातारा सरदार, ज्याला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं आणि जो आमच्या तोंडून ते ऐकायला रोज फाटकापर्यंत यायचा — तो म्हणतो, “पूल उत्तरेला आहे.” पूल उत्तरेला आहे, हे खरं. माझ्या नकाशातही तसाच आहे.

नकाशे सगळे बरोबर निघाले. नकाशे मी काढले होते. बोलणं शाकीर वाचायचा.

आता आठवतं, त्याची नानी उजनी धरणाच्या काठच्या गावातली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावातली देवळं, दर्गा वर येतात असं सांगायचा. मी म्हणायचो, अरे, हे तर आपल्या खेळासारखं! तो म्हणायचा, “हौ ना.”

हौ ना!

१८ ऑगस्ट

राग येतोय का, ते दिवसभर तपासलं. थोडा येतो, पण कुणाचा ते ठरत नाही. शाकीरने एका ओळीचं पाच मिनिटं बोलावं आणि मी मागे बसून पेन्सिलीला टोक करावं! पुढे वाकून बघितलं असतं तर वाचता आलं नसतं, पण ओळ एकच आहे हे तर दिसलं असतं.

मग जुने खेळ चांगले होते का? माझ्याकडे आता एकच पुरावा उरलाय आणि तो भोंग्यावर कांदे विकतो.

२० ऑगस्ट

तिप्पण्णाचा फोन. “लेख कुटं अडकला मालक? पानं मोकळी ठेवलोय मी.” म्हटलं, अवतरण तपासतोय. हे खोटं नाही.

२१ ऑगस्ट

शनिवारी ऑपरेशन. कामावरून सुटून शाकीरकडे गेलो.

गणपतीचा हंगाम तोंडावर. आवाज आहे तोवर लागेल ते सगळं आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं चाललंय. मी गेलो तेव्हा हरवलेल्या मुलांचं चालू होतं. तुकड्यातुकड्यांनी. “वय वर्षे तीन. वय वर्षे चार. वय वर्षे पाच. अंगात निळा शर्ट. अंगात लाल शर्ट. अंगात चौकडीचा शर्ट.” जसं मूल हरवेल तसे तुकडे माजिदाभाभी काँप्युटरवर जोडून देणार. मशीनपुढे त्याच बसल्या होत्या. “मुलींचे फ्रॉक राहिले,” म्हणाल्या. मग फ्रॉकचे रंग सुरू झाले. एकेका रंगाला घसा खाकरावा लागत होता. गुलाबी तीनदा म्हणावा लागला.

मी म्हटलं, थोडं राहू दे, दम घे. “गाठ थांबंल रे,” म्हणाला, “पोरं थांबत नाहीत.”

पाणी पिताना विचारलं, “नावाडी घातलास?”

घातला म्हटलं.

“वाच.”

वाचून दाखवलं. भाकरीपासून बहिणीपर्यंत. वाचताना मी त्याच्याकडे बघत होतो. तो समोरच्या चादरीकडे.

“बराबर,” म्हणाला. “वैसाच था.”

तेव्हाच विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि अजून हिरवा, जांभळा, ठिपक्यांचा फ्रॉक बाकी होते. त्याच्या उरलेल्या आवाजातला एक शब्दही माझ्या लेखावर खर्च व्हावा हे पटलं नाही.

की भीती वाटली? ‘वैसाच था’ हे तो खोटं बोलला, की त्यालाही ते खरोखर तसंच आठवतंय? यातलं काय बरं, ते घरी येईपर्यंत ठरलं नाही. अजून नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. हसायचंसुद्धा नाही, डॉक्टर म्हणाले.

माजिदाभाभी म्हणाल्या, “मग तुम्ही येत जा भाऊ. तुम्हाला बघून कोण हसतंय!”

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. दिवसभर शाकीरच ऐकू येतोय. कारखान्याच्या फाटकावर साड्यांचा सेल, चौकात डोळ्यांचं शिबिर, आमच्या बोळात कांदे. आणि तो स्वतः घरात पोरीची शाळेतली पाटी मांडीवर घेऊन बसलेला.

संध्याकाळी गेलो होतो. धावत कुणीतरी आलं, चार वर्षांची मुलगी हरवली म्हणून. भाभींनी तिथल्या तिथे तुकडे जोडून दिले. थोड्या वेळाने रिक्षा खिडकीखालून गेली : वय वर्षे चार, अंगात पिवळा फ्रॉक. शाकीर मान तिरकी करून ऐकत होता, दुसऱ्या कुणाचं गाणं ऐकावं तसं. नंतर फोन आला, सापडली, जिलबीच्या गाड्याशी बसली होती.

त्याने पाटीवर लिहिलं : पीला. त्याखाली रेघ मारली.

३१ ऑगस्ट, रविवार

त्याचा वेळ जात नाही म्हणून दुपारी प्रतिक्षाचा लॅपटॉप घेऊन गेलो. मुद्दाम नवाच खेळ नेला. जुना नेला असता तर स्क्रीनवर ‘दोन नाणी’ आलं असतं, आणि आता आम्हा दोघांनाही तेवढं वाचता येतं.

शाकीर समोर बसला. मी सवयीने मागे, पलंगाच्या कडेवर. गवत हललं, डबक्यात ढग दिसले. त्याने मान डोलावली. गाव आलं. कुंपणाशी तो म्हातारा, डोक्यावर उद्गारचिन्ह. आपल्या राजाच्या आवाजात बोलू लागला.

शाकीरने बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. पाटीवर लिहिलं : क्या बोला?

म्हटलं, लांडग्यांची पाच कातडी आण म्हणतोय.

त्याने पाटी पुसली. और?

आणखी काही नाही म्हटलं.

त्याने लिहिलं : बराबर बोल.

“शाकीर, तिथं तेवढंच आहे रे.”

तो बराच वेळ लिहीत होता. पेन्सिल करकरत होती. मग पाटी माझ्याकडे फिरवली.

वहाँ हमेशा उतनाच रहता.

मी दोनदा वाचलं. मग म्हटलं, “तुला माहीत आहे मी बघितलंय ते.”

त्याने मान हलवून हो म्हटलं. नंतर लिहिलं : तू पढ़ता तब मेरा मूँ देख रा था.

म्हटलं, “तुला इंग्रजी येत होतं ना? कुवेतला?”

पैली तक.

पहिलीपर्यंत! आमच्या आख्ख्या सायबर कॅफेत इंग्रजीचा जाणकार म्हणून नावाजलेला माणूस इंग्रजी पहिलीपर्यंत शिकलेला! म्हटलं, “दोन नाणी एवढं तर कळत असेल?”

हे लिहायला त्याने पाटीची दुसरी बाजू घेतली. तू पीछे बैठ के नक्शे में झाडाँ तक बनाता था. तेरेकू दो सिक्के कैसा बोलता?

नंतर त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. माझेही. माजिदाभाभी लाटणं हातात घेऊन दारात आल्या. “भाऊ! हसवू नका त्यांना!”

त्याने त्यांच्याकडे न बघता म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, मला नाही येत असलं. मी आहे ते सांगतो. जन्मभर तेच केलंय.

त्याने पाटी पुसून बाजूला ठेवली. बोट तसंच.

२ सप्टेंबर

लेखातलं उरलं ते वाचून पाहिलं. बाणाचं वाक्य आहे, तीन ‘हो’चं आहे. ती अजूनही खरी वाटतात. एक नवं सुचलं : जुन्या खेळातले सगळे जवळजवळ मुके होते, म्हणून त्यांच्या वतीने कुणालाही बोलता यायचं. नव्यातले इतक्या भरदार आवाजात बोलतात की मध्ये कुणाला शिरायला जागा नाही.

हे खरं, की लेख वाचवायला सुचलं? प्रतिक्षाला विचारलं. ती म्हणाली, “दोन्ही असू शकतं की, पप्पा.”

तिप्पण्णाला कळवलं, यंदा नाही जमत. “बरं, पुढच्या वर्षी दे,” म्हणाला. “तवर गेम आणखी बिघडतील. लेख झ्याक होईल की!”

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. रस्ते अडलेले, तरी डॉक्टरांनी बोलावलं होतं म्हणून शाकीरला गाडीवर मागे बसवून बोळाबोळांतून नेलं; भाभी चालत आल्या. डॉक्टरांनी ‘आ’ म्हणायला सांगितलं. म्हणाला. आवाज आला, पण तो पातळ होता, अर्धा वारा, शाकीरचा नव्हे. त्याच वेळी खाली रस्त्यावरून त्याचाच जुना आवाज सेल पुकारत गेला. भाभी उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण भोंग्याचं आता धरून चालू नका.

घरी पोचल्यावर त्याने पाटी मागितली. ‘कल मशीन ला,’ एवढंच लिहिलं. म्हणजे प्रतिक्षाचा लॅपटॉप.

उद्या : म्हाताऱ्याला कातडी कशासाठी हवी आहेत, ते ठरवणे.